दारू गोडातली की तिखटातली

३ नोव्हेंबर १९८१
गोदीतून निवृत्त होऊन गावी आलो तेव्हा ठरवलं होतं, आता लिहिणं बंद. उभा जन्म मुंबईच्या गोदीत टॅली क्लार्क म्हणून काढला. जहाजातून काय उतरलं, काय चढलं, कुठला माल कुठल्या शेडमध्ये गेला, हेच लिहीत बसलो. पण आज पारावर जे झालं ते कागदावर उतरवल्याशिवाय अन्न पचायचं नाही.

येसाजी, माझा चुलतभाऊ, चारचौघांत म्हणाला, "कुशादादा, तुजा नवस गोडाचा ना रे?"

म्हटलं, हो.

"मंग संध्याकाळची बाटली कुटल्या खात्यात धरायची? गोडात का तिखटात?"

पार दणाणेल एवढे हसले सगळे. मला हसू आलं नाही. ह्या नवसात चेष्टेचं काही नाही. माझ्या बायकोच्या, राहीच्या पोटात गाठ निघाली, एप्रिलमध्ये मुंबईला ऑपरेशन झालं. तिला आत नेली तेव्हा इस्पितळाच्या जिन्यात उभा राहून मी गावच्या भैरीबुवाला म्हटलं, बाबा, ही आपल्या पायांनी घरी येऊ दे, वर्षभर मी गोडच खाईन. आमच्या पोलादपूरच्या वरच्या खोऱ्यात नैवेद्य दोनच. नारळ, खीर, वरणभात म्हणजे गोड. कोंबडं, बकरं, मासळी, अंडं म्हणजे तिखट. भैरीला गोड लागतं, आणि देवळाबाहेर आंब्याखाली त्याचा राखणदार वेताळ बसलाय त्याला तिखट. राही आपल्या पायांनी आली, तेव्हापासून मी बोंबलाचा वासही घेतलेला नाही. वर्षानं परत दाखवायला बोलावलंय. गाठ पुन्हा धरते कधी कधी, असं डॉक्टर म्हणाले. तोवर नवसाला भोक पडता कामा नये.

मी येसाजीला म्हटलं, "दारू गुळाची. गूळ उसाचा. ऊस काय कोंबडीच्या पोटातून येतो?"

"वेताळाला कोंबड्यासंगं बाटली देतो ना आपण? मंग झाली की तिखट!"

"वेताळाला नारळपण देतो. नारळ तिखट झाला काय?"

येसाजी विडी शिलगावायला लागला. मी जिंकलो असं वाटलं होतं. घरी आलो तर राही म्हणाली, "अवो, पारावर कसला इषय चालला व्हता?" मी म्हटलं भाताच्या कापणीचा. ती हसली. मी जेवणाआधीचा पेला घेतला आणि घेतल्याबरोबर ती पोट धरून खाली बसली. ऑपरेशननंतर पहिल्यांदा. मी पेला तसाच खाली ठेवला.

६ नोव्हेंबर
दोन दिवस भीतीने बाटलीला हात लावला नाही. राहीचं पोट बिलकूल दुखलं नाही. जात्यावर बसून पीठ काढलं तिने.

आज विचार केला, एकदा झालं तो योगायोग असेल. खातरजमा करावी. बाटली काढली, बूच उघडलं, आणि स्वयंपाकघरातून राहीचा आवाज आला, "आई गो!" घोट अजून घशाखाली गेलासुद्धा नव्हता. देवाला नुसता वास पोचतो हे खरं आहे.

पोलादपूरला डॉक्टरकडे चल म्हटलं तर मान हलवली. "डागदर कशाला? बाटली आत ठेवलीत की थांबतं." ठेवली. थांबलं.

तेव्हा आता प्रश्न पारावरच्या चेष्टेचा राहिला नाही. दारूत जिवाचं काही असेल तर माझा नवस एप्रिलपासून रोज संध्याकाळी मोडतोय आणि त्याचं फळ राहीच्या पोटात उमटतंय. नसेल तर हे दुखणं दुसरं काही आहे, आणि त्याचा विचारही करवत नाही. दारूत काय काय असतं ते मुळापासून शोधलं पाहिजे.

१० नोव्हेंबर
काल हैबतीकडे जाऊन आलो. हैबती वरच्या वाडीला ओढ्याकाठी हातभट्टी लावतो. पोलिसांना माहीत आहे, गावाला माहीत आहे, फक्त हैबतीला वाटतं की कुणाला माहीत नाही. म्हटलं, तू ह्यात काय काय घालतोस ते सरळ सांग, माझ्या घरातल्या माणसाचा प्रश्न आहे.

"काळा गूळ, नवसागर, बाभळीची साल, सडकी केळी. आनिक काय?"

"पाल टाकतोस म्हणतात."

हैबतीने इकडेतिकडे पाहिलं. "ती म्या सोताच उठवलीय रे दादा. पाल टाकतो म्हटलं की मुंबैचे चाकरमानी दोन घोट जास्ती मारतात. पाल घालून मला काय मिळनार? आनि ती गावायची कशी?"

मन हलकं झालं. घरी येऊन राहीला सगळं सांगितलं. गूळ, साल, केळी, सगळा झाडाझुडपाचा माल, तुळशीसारखा शुद्ध. तिने हातातलं काम टाकून ऐकलं. "म्हंजे जिवाचं त्यात कायच नाय?"

"काडीचं नाही."

"बेस झालं," म्हणाली. आज सकाळी नव्या भाताचे पोहे घेऊन हैबतीच्या बायकोला भेटायला वरच्या वाडीला गेली. आजारपणानंतर एवढी चढण ती पहिल्यांदा चढली. तिला माणसांत जावंसं वाटतंय, हे लक्षण चांगलं.

१४ नोव्हेंबर
हैबती आज आपणहून घरी आला. माझ्याकडे न बघता जोत्यावर बसला आणि म्हणाला, "कुशादादा, खोटं कशाला बोलू. त्यात बोंबील पडतो."

"कशात?"

"भट्टीत. वर आढ्याला सुके बोंबील टांगलेले असत्यात ना. वाफ लागली की सुटून खाली येतात."

"ह्या खेपेला पडला?"

"पडला."

"आणि मागच्या?"

त्याने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. आत राही तांदूळ निवडत बसली होती. "मागच्या खेपंलापन पडला आसंल. आढं जुनं हाय."

त्याच्या मिशीला पोह्याचा दाणा चिकटलेला होता. हा माणूस एरवी चार आण्यांसाठी खोटं बोलेल, पण आज आपल्याच धंद्याचं नुकसान करून खरं सांगायला एवढी वाट उतरून आला. मला गहिवरून आलं. राहीने त्याला चहा दिला आणि वर गुळाचा खडाही दिला.

म्हणजे आजवर मी रोज बोंबलाचं पाणी पीत होतो. आतून नवस पोखरत होतो आणि वरून पारावर वाद घालत होतो. भैरीबुवाची जाऊन क्षमा मागितली.

३ डिसेंबर
महाडला गेलो होतो राहीच्या चष्म्यासाठी. तिथे भिकाजी गुरुजींची गाठ पडली. पूर्वी ते आमच्या शाळेवर होते, आता महाडात बदली झालीय. बौद्ध माणूस, पंचशील काटेकोर पाळणारा, चहासुद्धा अर्धाच घेतो. बाजाराच्या कोपऱ्यावर उभं राहून त्यांना माझा प्रश्न घातला. हसतील वाटलं, पण हसले नाहीत. छत्री काखेत मारून गंभीर झाले.

"कुशाबा, आमचं पहिलं शील, जीव मारू नये. आणि दारू पिऊ नये हे पाचवं."

"म्हणजे वेगवेगळं?"

"वेगवेगळं."

"पहिल्यात पाचवं धरलेलं नाही?"

"धरलेलं असतं तर चारच शीलं झाली असती ना."

मला भर बाजारात त्यांना मिठी मारावीशी वाटली. गोदीत मी हेच शिकलो. एकाच शेडचा माल असता तर दोन शेड कशाला बांधल्या असत्या? "गुरुजी, म्हणजे दारू शाकाहारी ठरली!"

"ठरली. आता ती पिऊ नको."

"का?"

"पाचवं शील."

"पण गुरुजी, माझा नवस पहिल्यासारखा आहे. पाचव्याचं मी भैरीला बोललोच नाही."

गुरुजींनी काखेतली छत्री काढून जमिनीवर टेकवली. मग म्हणाले, "भैरीला बोलला नाहीस. राहीबाईंना विचारलंस का कधी?" तेवढ्यात त्यांची ओळखीची माणसं आली आणि विषय तुटला. राहीला काय विचारायचं ते काही समजलं नाही. तिला गूळ आणि बोंबील ह्यातलं कळतं, शीलातलं काय कळणार?

बोंबलाची भानगड नको म्हणून दुकानातून सीलबंद बिअर घेतली. विलायती पद्धतीची, सातूची. कारखान्यात आढं नसतं, बोंबीलही नसतो. पिशवी मांडीवर घेऊन एस. टी.त खिडकीशी बसलो. पोलादपूर जवळ आलं आणि अंगावर काटा आला.

मला बोत आठवलं. घोळ माशाच्या पोटात हवेचा फुगा असतो, त्याला कोळी लोक बोत म्हणतात. ते वाळवून गोणीत भरून विलायतेला जातं. माझ्याच हाताखालून जहाजावर चढलंय. एकदा मी मुकादमाला विचारलं होतं, एवढं वाळकं बोत गोऱ्यांना कशाला लागतं? तो म्हणाला होता, त्यांची बिअर आणि द्राक्षाची दारू निवळायला. गढूळपणा त्याने तळाला बसतो. आणि जाणारं बोत नि येणाऱ्या बाटल्या, दोन्हींची नोंद मीच केलेली! माझ्या मांडीवरच्या बाटलीत बोत गेलं की नाही, देव जाणे. पण नाही असं मी तरी कुठल्या तोंडाने सांगू?

बाटली येसाजीला दिली. बोताचंही सांगितलं. "मला कुटं नवस हाय?" म्हणाला आणि उभ्या उभ्या संपवली.

राहीला ही हकिगत सांगितली तर तिने डोळे विस्फारले. "अगो बाय! म्हंजे इंग्लिशमधीपन मासा?" इतकी खूश मी तिला सणालाही पाहिली नव्हती. माझ्या शोधाचं कौतुक वाटलं असणार.

११ डिसेंबर
आता एकच मार्ग उरला. स्वतः करायची. आपल्या हाताने, आपल्या डोळ्यांदेखत, जिवाचा कण न घालता. माळ्यावरची लोणच्याची मोठी बरणी काढली, धुतली, ऊन दाखवलं. परसातली केळी, गूळ, पाणी. बरणीच्या तोंडाला जुन्या धोतराचं फडकं घातलं, वरून सुंभाची दोरी करकचून आवळली आणि न्हाणीघराच्या कोपऱ्यात ठेवली. मुंगी शिरायची सोय नाही. राही कंबरेवर हात ठेवून सगळं बघत होती. "मुंगीपन शिरायची नाय?" म्हणाली. म्हटलं, वारासुद्धा नाही.

२० डिसेंबर
आज बरणी उघडली. वास झकास. डाव घालून ढवळलं तर तळाशी काहीतरी खटकलं. काढलं तर अंडं! अख्खं, गावठी कोंबडीचं.

मी राहीला हाक मारली. ती आली, अंड्याकडे बघितलं, गालावर हात ठेवला. "ही तांबडी मेली आजकाल कुटंबी घालती."

"अगं, पण फडकं बांधलेलं होतं! दोरी जशीच्या तशी होती!"

"कोंबड्या लई हुशार झाल्याती, अवो."

आणि तिथल्या तिथे तिने तांबडीला धरून माझ्यासमोर असं काही झापलं की कोंबडीलाही वाटलं असेल, आपलीच चूक. अंड्याच्या टोकाला चुलीतली राख चिकटलेली होती. तांबडी चुलीपाशी लोळते, तिथली असणार.

मी खूप विचार केला. बांधलेल्या फडक्यातून अंडं आत जात नाही. गेलं म्हणजे घालणारा कोंबडीपेक्षा मोठा. भैरीबुवा माझ्या पाठीमागे लागलाय, दुसरा अर्थ निघत नाही. बरणी उकिरड्यावर ओतली. राहीने ती राखेने घासून पुन्हा माळ्यावर ठेवली, आणि अंडं उकडून स्वतः खाल्लं.

आजपासून बंद. दारू कुठल्या शेडची ते ठरेपर्यंत एक थेंब नाही.

९ जानेवारी १९८२
पहिले पंधरा दिवस मला स्वतःचा राग, राहीचा राग, तांबडीचा राग. हात थरथरायचे. भाताला चव नाही म्हणून ताट सारलं तर राहीने तेच ताट पुन्हा पुढे केलं आणि पंख्याने वारा घालत बसली, भर थंडीत! मलाच हसू आलं.

पण फळ दिसतंय. वीस डिसेंबरपासून राहीने एकदाही पोट धरलेलं नाही. मी पारावर सगळ्यांना सांगतो. येसाजीलाही सांगितलं, बघ, दारू सोडली आणि दुखणं गेलं, आता तूच हिशेब लाव. 

राही मजेत आहे. जरा सावकाश चालते हल्ली. विहिरीवरून येताना बांधावर टेकते, म्हणते बगळे बघत होते. संध्याकाळी वीट तापवून फडक्यात गुंडाळून घेते, थंडी आहे म्हणून. मी रोज विचारतो, दुखत नाही ना? ती म्हणते, "नाय." तो शब्द ऐकला की आख्खा दिवस भरून पावतो. इतक्या वर्षांच्या संसारात मी मुंबईत आणि ती इथे. आता कुठे एका छपराखाली आलो. ती गेली तर मी ह्या घरात काय करू? हे तिला बोलून दाखवता येत नाही, म्हणून इथे लिहितो.

१६ फेब्रुवारी
तरी प्रश्न लोंबकळतोच. बेवारशी पेटी धक्क्यावर पडून राहिली की मला चैन पडत नसे, तसंच हे. शिमगा जवळ आलाय, चाकरमानी येतील, पेले वाजतील, आणि मी काय म्हणून नाही म्हणायचं? कारण तरी माहीत हवं. कौल लावायचं ठरवलं. ज्याचा नवस त्यालाच विचारावं.

गणू गुरवाकडे गेलो. भैरीची पूजा त्याच्याकडे. त्याला नारळ दिले, नवं धोतर देईन म्हणालो आणि सहज सुचवलं की माझं मन उजव्या कौलाकडे आहे. तो म्हणाला, "द्येवाच्या मनात आसंल तसं." त्याच्या फळीवर आमच्या घरचा तुपाचा डबा दिसला, झाकणाला पोचा आलेला. म्हटलं, हा इथे कसा?

"वैनींनी दिवाबत्तीला दिलाय," गणू म्हणाला.

राही नास्तिक नाही हे माहीत होतं, पण एवढी भाविक असेल असं वाटलं नव्हतं.

२२ फेब्रुवारी
आज कौल झाला. अख्खं गाव देवळात. येसाजी, हैबती, वरच्या वाडीची माणसंसुद्धा. एवढी गर्दी पालखीलाही नसते. बायका खांबांमागे. राही पुढच्या खांबाला टेकून उभी.

गणूने दोन पाकळ्या पाण्यात भिजवल्या आणि भैरीच्या पाषाणाला चिकटवल्या, एक उजव्या अंगाला, एक डाव्या. उजवी पडली तर दारू गोडातली, डावी पडली तर तिखटातली. मग हात जोडून त्याने गाऱ्हाणं घातलं. "बा भैरीबुवा, ह्या कुशाबानं मालकिनीच्या जिवासाटी तुला गोडाचा नवस केला. त्याची बाटली जर का गोडातली आसंल तर उजवी दे, तिखटातली आसंल तर डावी दे, आनि तुज्या लेकराला मोकळं कर, महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळे ओरडले.

काही पडेना. गणूला दरदरून घाम फुटला. तो एकदा माझ्याकडे बघे, एकदा खांबाकडे. देवाच्या कामात इतका जीव ओतणारा गुरव मी पाहिला नाही. त्याने डाव्या पाकळीकडे जरा हात नेला, मी खाकरलो. उजवीकडे नेला, तर बायकांत बांगड्या वाजल्या. शेवटी त्याने दोन्ही हात मागे बांधले आणि डोळे मिटून मोठ्यांदा म्हणाला, "द्येवा, आता तूच बघ रे बाबा, मला ह्यात घालू नको!"

आणि उजवी पाकळी पडली.

देवळात एकच गलका झाला. येसाजीने मला उचललं. हैबती तर रडायलाच लागला, त्याचा माल देवाने गोड ठरवला म्हणून. "बोंबील पडत नाय रे दादा, कवाच पडला नाय!" असं काहीबाही माझ्या कानात ओरडत होता. आनंदाने माणसाला भान राहत नाही. मी खांबाकडे पाहिलं. राहीचा चेहरा एवढासा झालेला. गणू देवाला सोडून तिलाच हात जोडत होता.

हैबतीने बाटली हातात कोंबली. घरी आलो, पेला भरला. पहिल्या धारेची, स्वच्छ. भैरीने सोडलेली, पंचांसमक्ष. राही समोर येऊन बसली. मी तिच्या हाताकडे बघत होतो, आता पोटावर जाईल, मग जाईल. हात गुडघ्यावरच.  डोळे मात्र भरलेले.

"दुखतंय?"

"नाय. प्या तुमी. द्येवानं दिलीया."

पेला ओठापर्यंत नेला आणि धीर होईना. देवाने सोडली हे खरं. पण गोदीत कस्टमने सोडलेल्या पेटीतूनही कधी कधी धूर यायचा. एप्रिलमध्ये तिला तपासायचंय. भैरी म्हणाला गोड, पण भैरीला काही राहीबरोबर राहायचं नाही, मला राहायचंय. पेला केळीच्या बुंध्यात ओतला. मागे वळलो तर राही हुंदके देऊन रडत होती आणि मधेच हसतही होती. बायकांचं मला काही समजत नाही.

२७ एप्रिल
काल मुंबईला इस्पितळात राहीला दाखवलं. सकाळपासून बाकावर बसून होतो. शेवटी डॉक्टरांनी आत बोलावलं. वर्षापूर्वीचेच ते, तरुण आहेत, घाईत असतात. कागद बघितले, पोट दाबून पाहिलं, म्हणाले, "मावशी, उत्तम. गाठबीठ काही नाही. आता वर्षाने या."

मी भिंत धरली.  भैरीबुवा, भैरीबुवा एवढंच मनात.

डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाले, "मधे दुखलं असेल ना? आतून टाके धरतात, थंडीत जास्त जाणवतं. तसं दुखलं तर घाबरायचं नसतं."

राही म्हणाली, "दुखलं, डागदर. पौष-माघात लई दुखलं. बसायला व्हईना. इटकर तापवून शेकायची. आता नाय."

"आणि थंडी सुरू झाली तेव्हा, दिवाळीच्या सुमारास?" डॉक्टरांनी विचारलं.

"तवा कुटं? तवा तर कायच नव्हतं," म्हणाली, आणि मग तिला आठवलं की मी तिथेच उभा आहे.

डॉक्टर औषध समजावून सांगत होते. मला त्यातलं अक्षर ऐकू आलं नाही. पौष आणि माघ. मी पारावर बसून छाती पुढे काढून सांगत होतो ते दिवस.

बाहेर जिन्यात आलो. तोच जिना. मी म्हटलं, "राही, दिवाळीच्या सुमारास तू आई गो म्हणून ओरडायचीस ते?"

ती पदर सारखा करत राहिली.

"आणि अंडं?"

"तांबडीला बोल लागला फुकट," ती हळूच म्हणाली.

मी रागावणार होतो. भर जिन्यात आवाज चढवणार होतो. पण दुसरं आधी तोंडातून आलं. "आणि खरंच दुखत होतं तेव्हा? मी रोज विचारत होतो ना तुला?"

"तवा सांगितलं असतं तर तुमी काय म्हनला असता? सोडूनबी दुखतंय, मंग सोडली कशाला. आनि परत धरली असती." ती पायरीवर बसली. "माज्यासाटी मटन सोडलंत ते भैरीला गोड लागलं आसंल, अवो. मला न्हाय लागलं. मला तुमी संध्याकाळी शुद्धीवर पायजे व्हतात. एवडी वर्षं मुंबैत ठेवलं तुमाला, तवा निदान पत्रं तरी यायची. घरी आलात नि सांज झाली की परत गेल्यावानी."

गणू गुरव, हैबती, सगळे तिने विकत घेतले होते. भैरीला मात्र घेता आलं नाही. आणि त्यानेच माझ्या बाजूने कौल दिला. तेही सांगितलं मी तिला. ती म्हणाली, "त्येला काय जातंय? त्येला सांजचं तुमच्यासंगं जेवायचं नसतं."

मी तिच्या शेजारी पायरीवर बसलो. लोक आमच्या अंगावरून जात-येत होते.

२९ एप्रिल
काल संध्याकाळी घरी पोचलो. वर्ष संपलं, नवस फिटला, आज भैरीला नारळ दिला. येसाजी विचारत होता, आता काय रे, गोड का तिखट? मी म्हटलं, दारू गोडातलीच, देवाचा कौल आहे, पण मला गोड सोसत नाही. तो हसला. त्याला हसू दे.

राहीने आज ताजी कोळंबी केली. ताटं वाढून झाल्यावर ती भिंतीला टेकून जराशी थांबली. मी विचारलं, "दुखतंय का गं?"

"नाय," म्हणाली.

मी ताटावरून उठलो आणि चुलीत वीट तापत ठेवली.